धुराच्या दिवसांतली अजगरीण

यंदा पुन्हा धूर आला. वुडलँड्सच्या माझ्या खोलीतून समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला. खालच्या मैदानात रोज सकाळी संथ हातवारे करत व्यायाम करणाऱ्या चिनी आज्या मास्क लावून आल्या. दोरीवरच्या कपड्यांना ओल्या लाकडाच्या चुलीचा वास येऊ लागला. सिंगापूरला ऋतूच नाहीत, असं नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस घरी फोन करून सांगतो. आहे, एक ऋतू आहे. तो दरवर्षी येत नाही, पण आला की कुणाच्या बापाला जुमानत नाही. समुद्रापलीकडे, सुमात्रात, दलदलीची रानं पेटवून जमीन मोकळी करतात. वारा इकडे वळला की ती रानं आमच्या घरात शिरतात. झाडं, शेवाळ, पाखरांची घरटी, ज्याला पळता आलं नाही ते सगळं अगदी बारीक होऊन आमच्या नाकात येतं. त्याला इथे नुसतं 'हेझ' म्हणतात. किती स्वच्छ शब्द! जणू कुणी काही जाळलंच नाही, हवेनेच जरा पदर घेतला.

या वासाने मला श्रीरंग आठवतो. काहींच्या आठवणी मोगऱ्याला चिकटलेल्या असतात, माझ्या नशिबी हा.

मी इथल्या विद्यापीठात सापांवर काम करते. या बेटावरच्या गटारांत, कालव्यांत मोठमोठे जाळीदार अजगर राहतात. त्यांची रक्ताची नाती शोधणं, कोण कुठल्या कालव्यातलं, कुणाचं कूळ आटत चाललंय ते पाहणं हे माझं काम. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा ओळखीचं एकच घर होतं, अनघाताईचं. ती माझ्या थोरल्या बहिणीची कॉलेजातली मैत्रीण. पहिल्याच रविवारी तिने मला आंग मो किओजवळच्या त्यांच्या कॉन्डोत जेवायला बोलावलं आणि निघताना हातात एक जुना कुकर दिला. "शिट्टी जरा उशिरा होते, पण भात छान होतो," म्हणाली. परक्या गावात कुकर देणारं माणूस म्हणजे काय, ते ज्याने हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, सलग आठवडाभर नूडल्स खाल्ल्यात त्यालाच कळेल.

श्रीरंग तिचा नवरा. एका बँकेत इतर लोक नियम पाळतात की नाही, हे बघायची नोकरी. पहिल्या भेटीतच म्हणाला, "अगं, तुम्ही-बिम्ही काय? सरळ अरे-तुरे कर." माणूस मोकळा आहे असं मला वाटलं. मोकळं दिसण्याची त्याला हौस होती, हे कळायला वेळ लागला. जेवताना त्याला तोंडी लावायला एक विषय लागे, आणि माझं काम कळल्यावर तो विषय कायमचा 'कॉन्झर्व्हेशन' झाला. जंगलं चाललीत. प्राणी चाललेत. सरकारं झोपलीत. मी वरणभात कालवत हो हो म्हणत असे. भुकेल्या माणसाला तत्त्वं फार लवकर पटतात.

त्या घरात एक खोली बंद असायची. "श्रीरंगची हॉबी रूम," असं अनघाताई सांगायची आणि विषय बदलायची. त्यांची लेक रेवा मात्र एकदा डोळे फिरवून म्हणाली होती, "Don't ask, lah."

मग त्या वर्षीचा धूर आला. त्याच महिन्यात अनघाताईचे वडील, नाना, साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सडसडीत, तिरकस बोलणारे. छाती आधीच नाजूक. धुराने त्यांना असा खोकला लागला की वाक्य अर्ध्यात सोडून ते सोफ्याचा हात घट्ट धरत आणि मग उरलेलं वाक्य न बोलताच संपवत. दुकानांतली हवा शुद्ध करायची यंत्रं संपली होती. अनघाताई ऑफिसातून रोज फोनाफोनी करत होती. मला म्हणाली, "अगं, मिळतच नाहीये कुठे. येत्या आठवड्यात बघू म्हणतात."

त्या रविवारी मी नानांसाठी ज्येष्ठमध घेऊन गेले. श्रीरंग दारातच भेटला. चेहरा असा, की जणू घरात पाळणा हलला आहे.

"ये ये. आज तुला दाखवतोच. तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही याची किंमत."

त्याने बंद खोली उघडली. आतून गार, कोरडी, अगदी स्वच्छ हवा अंगावर आली. कोपऱ्यात एक उंच पांढरं यंत्र मंद आवाजात फिरत होतं. अनघाताई गावभर शोधत होती तसलं, त्याहून मोठं.

भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांत ड्रॉवरसारखे प्लॅस्टिकचे डबे, आणि प्रत्येक डब्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक साप. बहुतेक आफ्रिकेतले ते छोटे अजगर, घाबरले की डोकं आत घेऊन चेंडू होणारे. पण रानात असतात तसा एकही नाही. कुणी लोण्यासारखा पिवळा, कुणी राखी, कुणी पांढऱ्यावर तपकिरी शिंतोडे. डब्यांवर रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या, आइस्क्रीमच्या दुकानात असतात तशा. खोली गार राहावी म्हणून एसी, आणि साप गारठू नयेत म्हणून प्रत्येक डब्याखाली गरम पट्टी. विषुववृत्तावर बसून, आधी ऊन घालवायचं आणि मग ते विजेवर परत आणायचं!

इथे घरात साप पाळायला मनाई आहे. शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. नियम बघायची नोकरी करणाऱ्याला तर असणारच.

"श्रीरंग, हे चालत नाही इथे."

"कायदा जुनाट आहे गं. मी काय करतोय ते समजून घे. इथे डब्यात जन्मलेला प्रत्येक साप म्हणजे रानातून न उचललेला एक साप. हे कॉन्झर्व्हेशनच आहे."

यात सगळंच खोटं नाही, आणि म्हणूनच ते इतकं चीड आणणारं आहे. काही जनावरं माणसाने जपून, वाढवून, पुन्हा रानात सोडून वाचवलेली आहेत. ती वाचवणारी माणसं मला माहीत आहेत. ती कंटाळवाणी असतात. पिढ्यांचा हिशेब ठेवतात, रक्त मिसळू नये म्हणून वर्षानुवर्षं डोकं खाजवतात, आणि रंगांना आइस्क्रीमची नावं देत नाहीत. प्रामाणिकपणे घरात पैदास झाली तर बाजारात रानचं जनावर कमी येतं, हेही मान्य. पण लोण्याच्या रंगाचा तो अजगर आफ्रिकेतल्या कुठल्या माळावर सोडणार होता हा माणूस? पहिल्याच घारीने त्याला उचललं असतं. तो वाचवत होता रंग. आणि रंग कधी धोक्यात नव्हते.

नाना आमच्या मागोमाग आत आले होते. बहुधा हवेच्या ओढीने. एका डब्यापुढे वाकून बघत होते. त्यातल्या सापाचं डोकं सारखं डुगडुगत होतं, सरळ पाण्याकडे जायचं तर वाट चुकून भिंतीला थडकत होतं.

"श्रीरंगराव, याला कंपवात आहे काय?"

"नाही नाना, ती त्या रंगाचीच खोड आहे. नक्षी हवी तर डोकं थोडं हलतंच. त्याला काही त्रास नसतो."

"त्याने सांगितलं का तुम्हाला?" नाना म्हणाले. पुढचं खोकल्याने खाल्लं.

शेवटी श्रीरंगने सगळ्यात खालचा मोठा डबा ओढला. आत ती होती.

आखूड, जाड, मनगटाला पेलणार नाही अशी वजनदार. पिकलेल्या जांभळाच्या आणि विटेच्या मधला लाल रंग. सुमात्रातल्या पाणथळ रानांत राहणारा हा अजगर, लाल रंगामुळे धंद्यात त्याला 'ब्लड पायथन' म्हणतात. मी पुस्तकात, बरणीत खूप पाहिले होते, इतक्या जवळून जिवंत कधी नाही. तिने अंड्यांभोवती वेटोळं घातलं होतं आणि ती शहारत होती. अजगराची मादी अशीच अंडी उबवते. खायचं सोडते, हलायचं सोडते आणि अंग थरथरवून ऊब तयार करते. थंड रक्ताचं म्हणून ज्या जनावराला आपण नावं ठेवतो, ते स्वतःच्या स्नायूंची शेगडी करून दोन महिने बसून राहतं. 

"बघ," श्रीरंग म्हणाला आणि त्याने हातमोजे घालून तिला उलगडायला सुरुवात केली. शेपटीकडून, एकेक वेढा, जसा पाईपवरून जुना दोर सोडवावा.

"अरे, काय करतोस?"

"अंडी मशीनमध्ये ठेवायची. हिच्यावर सोडली तर रिस्क असते. नैसर्गिक पद्धत फार बेभरवशाची."

कोट्यवधी वर्षांच्या पद्धतीला हा इसम बेभरवशाची म्हणाला. ती फुसकारली, पण चावली नाही. इतकी अशक्त होती. अंडी एका पारदर्शक पेटीत गेली आणि अजगरीण माझ्या हातात आली. तिचं थरथरणं थांबलं नव्हतं. ज्याला ऊब द्यायची तेच उरलं नव्हतं, तरी देणं चालू होतं.

तिला सावरताना हनुवटीखाली माझ्या अंगठ्याला खडबडीत काही लागलं. खवला जरा उचलून पाहिला. गोचीड. फुगलेली, राखाडी, खवल्याखाली घट्ट रुतलेली. पुढे आणखी एक. एसीच्या खोलीत, धुतलेल्या डब्यात जन्मलेल्या जनावराला गोचीड कुठून लागणार? ती रानातून येते, चिखलातून, रानडुकरांच्या वाटेवरून येते.

मी काही बोलायच्या आत श्रीरंगने लॅपटॉप उघडला होता. "दोनच मिनिटं. हे माझे ब्रीडर मित्र. तू फक्त इतकंच सांग की तू शास्त्रज्ञ आहेस आणि ही घरातलीच पैदास आहे. तू बोललीस की प्रश्न मिटला."

तर हे होतं. पाळणा हलला होता आणि बारशाला मी आत्या म्हणून हवी होते. पडद्यावर चार चेहरे उमटले, निरनिराळ्या देशांचे, सगळ्यांच्या मागे तसल्याच मांडण्या. श्रीरंगने अंड्यांची पेटी कॅमेऱ्यापुढे धरली आणि इंग्रजीत माझी ओळख करून दिली. ते टाळ्या वाजवू लागले.

मी इंग्रजीतच विचारलं, "आणि नर कुठे आहे?"

टाळ्या थांबल्या. श्रीरंग हसला. "म्हणजे?"

"या जातीचा नर. मी सगळे डबे पाहिले. ही एकटीच आहे. बाप कुठे आहे?"

"तो... मित्राकडे होता. परत दिला."

"कुठल्या मित्राकडे?" पडद्यावरच्या एकाने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, गिऱ्हाईक जाणून घेतं तसं.

श्रीरंगने आवाज बंद केला, मग चित्र बंद केलं. माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, "अगं, काही जातींत मादी नराशिवायही अंडी घालते. पार्थेनोजेनेसिस. तुला तर माहीत असायला हवं."

"म्हणजे कुंतीसारखं?" नाना कोपऱ्यातून म्हणाले. "पण तिथेही सूर्य होता हो."

मी तिची हनुवटी उचलून ती गोचीड श्रीरंगला दाखवली. मग त्याने ते नाटकही टाकून दिलं. आली होती ती रानातूनच, पोटात अंडी घेऊन. पलीकडून होडीने, मग कुणाच्या तरी सामानातून. कसं ते त्याने विचारलं नव्हतं. न विचारण्यालाच तो सभ्यपणा समजत होता. अंडी इथे फुटली की पिल्लं 'घरात जन्मलेली' होणार होती. रानाचा माल दोन महिने पेटीत ठेवायचा की त्याचं पाप फिटतं. गंगा इतकी स्वस्त कधी नव्हती.

"तिकडे काय चाललंय ते बघ ना," त्याने खिडकीकडे हात केला. बाहेर दुपार तांबूस, आजारी दिसत होती. "तिचं रान जळतंय. मी आणली नसती तर ती मेलीच असती. मी वाचवलंय तिला."

"तू मागितलीस म्हणून कुणीतरी पकडली. रान जाळणारा आणि तू, दोघांनी तिचं घर रिकामं केलं. एकाने जमिनीसाठी, एकाने डब्यासाठी. तो निदान भाषण देत नाही."

"तू फार भावनेने बघतेस."

"मी हे कळवणार आहे, श्रीरंग."

तो हसला. खरं तर तेव्हाच मला त्याची खरी किळस आली, गोचिडीची नाही आली तेवढी. "नाही कळवणार तू. अनघाला काय वाटेल, सांग."

त्याला वाटलं ते बरोबर ठिकाणी लागलं, आणि लागलंच. अनघाताई बाहेर स्वयंपाकघरात होती. खोबरं हवं म्हणून तिने फ्रीझर उघडला तेव्हा मला दिसलं, वरच्या कप्प्यात खोवलेला नारळ, खालच्या कप्प्यात पिशव्यांत गोठवलेले उंदीर. ती सवयीने एकाला हात न लावता दुसरं काढत होती. मी तिला सगळं सांगितलं. खोली, होडी, अंडी, मी काय करणार आहे ते. ती गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिली.

"नानांच्या खोलीत ते यंत्र लावू या, म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "तर म्हणाला, सापांना धुराचा स्ट्रेस होतो."

आत नाना खोकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठात जाण्याआधी वन्यजीव खात्याला फोन केला. कळवलं, पत्ता दिला, माझं नाव दिलं. दुपारी माणसं आली, डबे घेऊन गेली. अंड्यांची पेटी गेली, ती गेली. श्रीरंगवर खटला झाला, दंड झाला, तो त्याने भरला. नोकरी टिकली. बँकेतल्या लोकांना सापांहून मोठ्या गोष्टी गिळायची सवय असते.

अनघाताईचा फोन आठवड्याने आला. "तू बरोबर केलंस," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "पण आता आमच्याकडे येऊ नकोस. मला दोन्ही गोष्टी एकदम झेपणार नाहीत." तिचा आवाज स्थिर होता. मला तिचा राग आला नाही. अजूनही येत नाही. नाना साताऱ्याला परत गेले. जाताना त्यांना विमानतळावर पोचवायला मी नव्हते.

अंड्यांतून बहुतेक पिल्लं निघाली. ती परत पाठवता आली नाहीत. कुठल्या रानात सोडणार, कुठल्या रोगासकट, कुणाच्या परवानगीने, हे कुणीच सांगू शकलं नाही. आणि ते रानही राहिलं होतं की नाही, कोण जाणे. कुठल्याशा संस्थेत ती आता काचेमागे आहेत. त्यांना वाचवलेलं म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही.

आणि ती? तिने इथे कधीच खाल्लं नाही. रानातून उचललेली जनावरं कधीकधी असा निर्णय घेतात. मी तिला दोनदा पाहायला गेले. दुसऱ्या वेळी तिचा कणा पाठीवर धार काढल्यासारखा वर आला होता. पावसाळी वारे सुरू झाले, धूर धुवून निघाला, आकाश असं निळं झालं की लोक फोटो काढू लागले, आणि त्याच आठवड्यात ती गेली. मला कळवलं ते कामाचा भाग म्हणून, नमुना हवा का विचारायला. मी हो म्हटलं. हातमोजे घातले, नमुना घेतला. 

गेल्या आठवड्यात या नव्या धुरात श्रीरंग मला भेटला. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये मी दुपारचं जेवत होते, तर समोर ट्रे ठेवून बसलाच. केस पिकलेत, बाकी तसाच, मोकळा.

"कशी आहेस? किती दिवसांनी! आणि हे बघ, मनात काही ठेवू नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

माझा घास तसाच राहिला. त्याने मला माफ केलं होतं! वर तो हे उदारपणे, भाताला रस्सा लावत सांगत होता.

"आता मासे पाळतो," त्याने फोन पुढे केला. लालसर, लांब, मिशीवाला मासा निळ्या उजेडात फिरत होता. "एकदम कायदेशीर. प्रत्येकाच्या अंगात चिप. रानात संपत आलाय, माहितीय ना? आम्ही पाळणाऱ्यांनीच टिकवलाय. कॉन्झर्व्हेशन म्हणतात ते हेच."

अनघाताई बरी आहे, म्हणाला. रेवा कॉलेजला गेली. नानांचं ठीक चाललंय. मी ऐकत होते. मग मला राहवलं नाही.

"ती गेली, माहितीय तुला?"

त्याचा चमचा खाली आला. चेहरा क्षणात बदलला, भुवया जवळ आल्या, आवाज खाली उतरला. हे त्याला छान जमतं.

"अरेरे. कधी? आई का तुझी? आजारी होत्या?"

"आई नाही. तुझ्याकडची ती लाल अजगरीण. त्याच वर्षी गेली. उपाशी."

 तो खुर्चीत मागे रेलला, छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने हसला.

"हात्तिच्या! काय घाबरवलंस गं. मला वाटलं, कुणीतरी गेलं."